हरवायचं शहर

परदेशातलं शहर म्हणजे नुसता गोंधळ, माणूस बावचळतो, असं लिहिणाऱ्यांना गावातली शिस्त कधी नडली नसणार. नायगावकडचं माझं गाव मोठं शिस्तीचं. पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा. कोण कुठला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

म्हणून न्यूयॉर्कात पाठीवर सॅक टाकून पहिले तीन दिवस हरवत फिरलो, तर बरंच वाटलं राव. भुयारातली गाडी भलतीकडेच न्यायची. वर यावं तर रस्ता अनोळखी. पण हाटेलात माझा कप वेगळा नव्हता.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब याच शहरात उतरले. आधी हार्टले हॉल, पुढं लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेनांसोबत. परदेशातल्या वर्षांनी अस्पृश्यपणाचं भानच पुसलं, असं त्यांनीच नंतर लिहिलं. १९१७ ला बडोद्यात ते भान परत आणून द्यायला पारशी सरायीत लाठ्या घेऊन माणसं आली. आता सांगा, गोंधळ कुठला नि शिस्त कुठली?

चौथ्या दिवशी क्वीन्समध्ये खोली बघायला गेलो. मालक आपल्याच मुलखाचा. मराठी ऐकून खूश, चहा ठेवला. मग आडनाव विचारलं. मग 'मूळचे कुठले?' मग खोली कालच गेलेली निघाली. चहाही आला नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटलनं जातभेदावर बंदी घातली, तेव्हा 'इथं कुठाय जात?' म्हणून बोंबलणारे आपलेच देशबांधव होते.

दोस्तहो, जायचं तर बेशक जा. आडनाव विचारलं तर मात्र मोठ्यानं सांगा. मी त्या दिवशी पुटपुटलो होतो.