आधी विचार बदला, मग गुडघा!

ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि सांधेरोपण हा विषय मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात येऊन बसला. या शस्त्रक्रियेने अनेकांना पुन्हा चालते केले, हे निर्विवाद आहे. वाद शस्त्रक्रियेशी नाही, घाईशी आहे. पहिल्याच क्ष-किरण चित्रावर ‘वाट्या झिजल्या, बदलून टाका’ असा निवाडा सुनावणाऱ्या आणि तो मुकाट्याने स्वीकारणाऱ्या मानसिकतेशी आहे.

गुडघा हा यंत्राचा सुटा भाग नव्हे. चित्रात दिसणारी झीज आणि रुग्णाला होणारी वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही. सांध्याचा भार केवळ कूर्चा वाहत नाही. मांडीचे आणि नितंबांचे स्नायूही वाहतात. ते दुबळे झाले की गुडघा एकाकी पडतो. वजनाचेही तसेच. शरीराचे वजन एक किलोने उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ मधील एका अमेरिकी अभ्यासात आढळले. दिवसाकाठी पडणारी हजारो पावले मोजली, म्हणजे या हिशेबाचे मोल कळते.

डेन्मार्कमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत बोलका आहे. शस्त्रक्रियेस पात्र ठरलेल्या १०० रुग्णांपैकी निम्म्यांना सांधेरोपण आणि त्यानंतर बारा आठवड्यांचे व्यायाम, आहार, मार्गदर्शन व औषधे असे उपचार मिळाले. उरलेल्या ५० जणांना केवळ हे उपचार. वर्षअखेर या ५० पैकी १३ जणांनीच शस्त्रक्रिया करून घेतली. शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम अधिक मिळाला, हे मान्यच करावे लागेल. पण गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच अधिक आढळली. मग तीन महिने निष्ठेने प्रयत्न करून पाहण्यात रुग्णाचे काय बिघडते?

व्यायाम टाळून पळवाटा शोधणाऱ्यांनीही सावध व्हावे. दुर्बिणीतून गुडघा ‘धुऊन’ घेणे हे दिखाऊ शस्त्रक्रियेपेक्षा सरस नाही, हे २००२ मध्येच दिसून आले. दर तीन महिन्यांनी दोन वर्षे स्टिरॉइडची सुई घेतलेल्यांची कूर्चा अधिक झिजली आणि वेदना मात्र खाऱ्या पाण्याच्या सुईपेक्षा कमी झाल्या नाहीत, असे २०१७ मध्ये आढळले. ‘वंगण संपले’ म्हणून टोचले जाणारे हायलुरोनिक आम्ल आणि ग्लुकोसामाइनच्या गोळ्या देऊ नयेत, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत सांगितले. त्याच मार्गदर्शिकेत पहिला मान आहे व्यायामाला, वजन-नियंत्रणाला आणि रुग्णाच्या प्रबोधनाला.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी दीड लाखाहून अधिक रुपयांवरून करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आला. निर्णय स्वागतार्हच! पण किंमत उतरली म्हणून गरज वाढत नाही.

दोष केवळ वैद्यकविश्वाचा मानणे हीसुद्धा आत्मवंचनाच ठरेल. ‘आई, तू आता बसून राहा’ असे प्रेमाने म्हणणारा मुलगा नकळत तिचे स्नायू दुबळे करीत असतो. शस्त्रक्रियेसाठी लाखभर रुपये उभे करणाऱ्या कुटुंबाला तिच्यासोबत रोज अर्धा तास चालायला सवड मिळत नाही, हे कसले सेवाव्रत?

प्रयत्न करूनही वेदना झोप हिरावून घेत असेल, घराचा उंबरठा ओलांडणे दुरापास्त झाले असेल, तर मात्र शस्त्रक्रियेस भिऊन वर्षे दवडणे हाही अविवेकच. तेव्हा निःशंकपणे सांधेरोपण करावे. परंतु त्यानंतरही रुग्णाला व्यायामच करावा लागतो! जे शेवटी चुकणार नाही, त्याचा आरंभ आजच का करू नये? शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा : तत्पूर्वीचे सर्व उपाय खरोखर करून झाले आहेत काय?