आजींना हा प्रश्न कोणी विचारत नाही

सत्तरीतल्या आजी घरात पाय घसरून पडतात. खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते. दोन-तीन दिवसांनी त्यांचे हात थरथरू लागतात, दरदरून घाम येतो, समोर नसलेली माणसे दिसू लागतात. ‘वय झालंय’, ‘भुलीचा परिणाम असेल’ असे नातेवाईक म्हणतात आणि अनेकदा ते खरेही असते. पण रोजची दारू अचानक बंद झाली तरी साधारण ४८ ते ९६ तासांत नेमके असेच घडते. ही अवस्था वेळीच ओळखली नाही, तर जिवावर बेतू शकते. ती टाळायची तर रुग्णालयात दाखल करतानाच एक प्रश्न विचारायला हवा. वयस्क बाईला तो सहसा विचारलाच जात नाही.

याचे कारण आपल्या डोळ्यांसमोरच्या चित्रात आहे. महाराष्ट्रात दारू आणि बाई म्हटले की आठवते ती ‘आडव्या बाटली’ला मत देणारी, नवऱ्याच्या व्यसनाने गांजलेली बाई. हे चित्र खरे आहे, पण पूर्ण नाही. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारू घेणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के, तर महिलांत १.६ टक्के आढळले. टक्का लहान दिसतो, पण भारताच्या लोकसंख्येत तो लाखो महिलांचा होतो. शिवाय घरी येऊन विचारणाऱ्या अनोळखी माणसाला, सुनेसमोर, किती आजी खरे उत्तर देतील?

सुरुवात बहुधा साधीच असते. सर्दी-खोकल्यासाठी घरात ठेवलेली ब्रँडी, झोप येत नाही म्हणून घेतलेले दोन घोट, गुडघेदुखीवरचा उतारा. जोडीदार गेलेला असतो, मुले परगावी किंवा परदेशी. काही समाजांत मोहाची दारू किंवा ताडी पूर्वापार चालत आलेली असते. प्रमाण कधी वाढले, ते त्या बाईलाही कळत नाही.

शरीर मात्र बदललेले असते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते आणि वयानुसार ते आणखी घटते. त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातील अल्कोहोलची पातळी जास्त चढते. त्यात झोपेच्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची भर पडली की धोका वाढतो. तोल जाणे, विसरभोळेपणा, उदासी, भूक मंदावणे, आटोक्यात न येणारा रक्तदाब ही सारी लक्षणे म्हातारपणाच्या खात्यावर जमा होतात. मूळ कारण तसेच राहते.

‘या वयात कशाला विचारायचे, उगाच अपमान होईल,’ असा आक्षेप घेतला जातो. पण शौचाला साफ होते का, लघवीवर ताबा आहे का, हे डॉक्टर विचारतातच. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. ‘या वयात काय फरक पडणार?’ हा समजही चुकीचा आहे. वयस्क व्यक्ती उपचारांना चांगला प्रतिसाद देतात. पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये महिलांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे बाईला व्यसन असू शकते, हे या क्षेत्रातील जाणत्यांनी केव्हाच मान्य केले आहे.

म्हणून साखर आणि रक्तदाबाइतक्याच सहजतेने हा प्रश्न प्रत्येक ज्येष्ठ महिलेला विचारला गेला पाहिजे. सरसकट सर्वांना विचारला तर कोणा एकीवर संशय घेतल्यासारखे होणार नाही. मुलगा किंवा सून खोलीबाहेर असताना, आवाजात उपदेश न आणता विचारावे : ‘कधी ब्रँडी, वाइन, ताडी घेता का? आठवड्यातून किती वेळा? एका वेळी किती?’

घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. बाटली सापडली म्हणून ती हिसकावून फेकून देऊ नये. रोज घेणाऱ्याची दारू एकदम बंद करणे धोक्याचे असते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

लपवून पिणाऱ्या आजींना दारूइतकीच लाजही आजारी पाडते. औषध दारूवर देता येते. लाज मात्र कोणीतरी सरळ विचारल्याशिवाय जात नाही.