भोक कोठे आहे?

दिवाळीला मी तिरोड्याला धाकट्या भावाकडे जातो. गेल्या वर्षी पोचलो तो घरात फटाक्यांऐवजी भावाचा आवाज! पुतणी अकरावीत, सायकलने कॉलेजला जाते. सहामाहीच्या आठवड्यात सायकल तीनदा पंक्चर झाली आणि एक पेपर अर्धा बुडाला. "अभ्यास झाला नाही की हिच्या सायकलीची हवा जाते," हे भावाचे निदान. पोरगी रडून गप्प झालेली.

मी ट्यूब काढायला लावली. तिन्ही ठिगळे व्हॉल्व्हपासून सारख्याच अंतरावर, दोन बोटांच्या जागेत, आणि टायरच्या अंगाला! मग टायरच्या आतून हळूच बोट फिरवले, तो टोचलेच. बाभळीच्या काट्याचे टोक आत रुतून बसले होते. बाहेरून मोडल्यामुळे दिसत नव्हते. तिरोडा हा धानाचा मुलूख. बांध्यांच्या धुऱ्यांवर बाभळी असतात, आणि कुंपणाला फांद्या नेताना काटे वाटेवर सांडतात. ट्यूबला तीनदा ठिगळ लागले, टायरमध्ये मात्र कोणीच डोकावले नव्हते.

वाचकहो, भोक बुजवण्याआधी ते कोठे आहे हे पाहावे. रिमच्या अंगाला असेल, तर तारेचे टोक वर आले आहे किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. साप चावल्यासारखी दोन भोके शेजारी शेजारी दिसली, तर हवा कमी होती. दगडावर चाक आदळले आणि ट्यूब रिममध्ये चिमटली. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली तरी बहुधा हवाच कमी. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला ओढत नेतो. भोक नसतानाही रबरातून हवा थोडी थोडी झिरपतेच. म्हणून आठवड्यातून एकदा पंप मारावा, अन् टायर अंगठ्याने दाबून पाहावा. सहज दबला तर हवा कमी आहे.

१८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले. त्याआधी भरीव रबरावर पंक्चरची भीती नव्हती, पण हाडे खिळखिळी होत. सुखाबरोबर काटाही आला!

पक्कडीने काढलेला काटा मी भावाच्या तळहातावर ठेवला. तो काही बोलला नाही. पंप आणायला मात्र स्वतः उठला.