बैलाचे कातडे, राजवाडा आणि कार्पेट एरिया

जव्हारच्या जयविलास राजवाड्यासमोर उभे राहिले की एखाद्याच्या मनात सहज येऊन जाते: एवढी मोठी वास्तू, एवढी दालने, फ्रान्समध्ये जुन्या हवेल्यांच्या प्रशस्त सदनिका करून विकतात, तसे इथे का होऊ नये? प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. मात्र त्याचे उत्तर वास्तुकलेपेक्षा जमिनीच्या इतिहासात अधिक सापडते. हा धागा त्या उत्तराविषयी.

आधी फ्रान्स. पॅरिसमधील प्लास दे व्होज हा चौक १६१२ साली पुरा झाला. एकसारख्या दर्शनी भिंती, त्यांमागे उमरावांची घरे. त्यांतल्याच एका हवेलीच्या दुसऱ्या मजल्यावर व्हिक्टर ह्यूगो १८३२ ते १८४८ अशी सोळा वर्षे भाडेकरू होता. म्हणजे हवेलीचे मजले निरनिराळ्या कुटुंबांना देण्याची रीत तिथे जुनीच. पुढे मारे नावाचा हा सारा परिसर उतरणीला लागला. उमरावांच्या दिवाणखान्यांत कारखाने आले, अंगणांत छपऱ्या उभ्या राहिल्या.

१९६२ साली आंद्रे मालरो या मंत्र्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. एकेकटी वास्तू जपण्याऐवजी संपूर्ण वस्ती जपावी, हे त्याचे तत्त्व. दर्शनी भाग, जिने आणि छपरे मूळ रूपात ठेवायची आणि आत माणसांनी राहायचे. सामाईक मालकीचा सविस्तर कायदा १९६५ चा: सदनिका ज्याची त्याची, पण छप्पर, जिना आणि पाया सर्वांचा, त्यांचा खर्चही सर्वांचा.

वास्तू वाचल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पुण्यात वाडा पाडून त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीला ‘अमुक वाडा’ असे नाव देण्यापेक्षा हे निश्चितच बरे. परंतु मारेतील कारागीर आणि गरीब भाडेकरू त्या देखण्या भिंतींमागे टिकले नाहीत. घरे सुधारली, किमती चढल्या आणि जुनी वस्ती पांगली. फ्रेंच जाहिरातीत लाकडी तक्तपोशी, संगमरवरी शेकोटी आणि उंच खिडक्या यांचे वर्णन असते. आधी तिथे कोण राहत होते, ही ओळ तिच्यात नसते.

एक कायदा मात्र आवर्जून सांगण्यासारखा. १९९६ च्या कारेझ कायद्याप्रमाणे अशी सदनिका विकताना १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा क्षेत्रफळात धरता येत नाही. उतरत्या छपराखालचा कोपरा कितीही रमणीय असो, जिथे वाकून चालावे लागते ती जागा विकणाऱ्याने मोजायची नाही. ‘सुपर बिल्ट-अप’ या शब्दाने पोळलेल्या मराठी ग्राहकाला कार्पेट एरियाची कायदेशीर व्याख्या मिळण्यासाठी २०१६ चा रेरा कायदा यावा लागला. विकणाऱ्याच्या शब्दात किती जमीन मावते, हा प्रश्न असा दोन्ही देशांत आला.

जव्हारला हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीच पडला होता, निदान दंतकथेत तरी. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये ती नोंदलेली आहे. हा मुलूख पूर्वी वारली प्रमुखाच्या ताब्यात होता. महादेव कोळी असलेल्या जयबा मुकणे याने त्याच्याकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मागणी क्षुल्लक वाटली, होकार मिळाला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि त्यांनी सारा मुलूख वेढून घेतला.

हीच कथा भूमध्य समुद्राच्या काठावर कार्थेज नगरी वसवणाऱ्या डिडो राणीविषयीही सांगतात, आणि हे साम्य इंग्रज लेखकांच्याही नजरेतून सुटले नव्हते. तेव्हा घटना म्हणून तिच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. पण राज्याच्या स्थापनेची गोष्ट म्हणून लोकांनी हीच कथा जपली, याला अर्थ आहे. तिच्यात लढाई नाही, रक्त नाही. एक व्यवहार आहे. देणाऱ्याने शब्दांचा एक अर्थ घेतला, घेणाऱ्याने दुसरा, आणि जमीन गेली.

जयबाचा मुलगा निमशाह याला दिल्लीच्या सुलतानाकडून १३४३ साली राजा म्हणून मान्यता मिळाली. पुढे मोगल, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज या साऱ्यांच्या काळात हे लहानसे संस्थान आक्रसत, दबत, पण टिकून राहिले. अखेरचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या कारकिर्दीत, १९४८ साली, ते मुंबई राज्यात विलीन झाले. यशवंतराव पुढे लोकसभेतही निवडून गेले. १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. राजवाडे राहिले आणि त्यांची छपरेही राहिली.

गुलाबी छटेच्या दगडाचा, युरोपीय वळणाचा जयविलास हा या संस्थानाच्या उत्तरकाळाचा वारसा. ग्वाल्हेरच्या जयविलासशी त्याचे केवळ नाव जुळते; तिथला थाट इथे शोधू नये. काजूच्या झाडीत उभी असलेली ही वास्तू डोंगरी संस्थानाच्या ऐपतीला शोभेशी आहे, आणि तेच तिचे सौंदर्य.

आता तिचे फ्लॅट होऊ शकतील काय? इथे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ समोर येते. १९७४ साली घातलेल्या या कलमानुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने अथवा गहाण द्यायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विक्री, बक्षीस, अदलाबदल यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांना शासनाची पूर्वमान्यताही घ्यावी लागते. महादेव कोळी ही जमात महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. म्हणजे एके काळचे राजे आणि त्यांची वारली, कोकणा, कातकरी प्रजा एकाच कलमाच्या छायेत आली. विशिष्ट भूखंडाला ते कसे लागू पडेल हे त्या जमिनीच्या सत्ताप्रकारावर ठरेल. परंतु सुट्टीच्या घरासाठी मुंबईकराने राजवाड्याचा एक तुकडा सहज खरेदी करावा, अशी ही भूमी नाही.

या कलमाला विकासातील अडसर म्हणणाऱ्यांची कमतरता नाही. त्यांनी बैलाच्या कातड्याची कथा पुन्हा वाचावी. जव्हार ‘पालघरचे महाबळेश्वर’ म्हणून विकले जाऊ लागले आहे. मोखाड्यातील सूर्यमाळच्या थंड हवेचेही कौतुक सुरू झाले आहे. जिथे हवा थंड तिथे फार्महाऊसचे फलक लागतात, हे लोणावळ्यापासून दिसत आले आहे. अशा ठिकाणी साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र हीच नव्या काळातील वाद्यांची गुंडाळी ठरते. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून उभारलेले वारल्याचे घर कोणत्याही जाहिरातीत ‘प्रशस्त’ म्हटले जाणार नाही, पण त्याखालची जमीन मात्र त्या जाहिरातीला हवी असते.

याचा अर्थ राजवाडा ओसाड पडू द्यावा असा नाही. वापरात नसलेली वास्तू कोकणपट्टीच्या पावसात फार वर्षे तग धरत नाही. पन्हळी तुंबतात, तुळया कुजतात. कपुरथळ्याचा व्हर्सायच्या धर्तीवरील राजवाडा १९६१ पासून सैनिकी शाळा म्हणून चालतो आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवण्याची कला जिवंत आहे आणि पाहुण्यांसाठी खोल्याही आहेत. दोन्ही ठिकाणी वास्तूचे तुकडे न करता ती वापरात आली. जयविलास खासगी मालकीचा आहे आणि निर्णय मालकांचाच. तरी फ्रान्सकडून उचलायचेच असेल तर सामाईक छपराचा हिशेब उचलावा, विकाऊ चौरस मीटर नव्हे. मुदतीचा भाडेपट्टा, दुरुस्तीसाठी वेगळा निधी, दर्शनी भागात बदल करण्यास मनाई आणि कामावर घ्यायच्या माणसांत जव्हार-मोखाड्यातील कुटुंबांना पहिला हक्क, एवढ्या अटी करारात असल्या तर पुष्कळ साधेल.

शेवटची अट शोभेची नव्हे. या दोन तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. इतरांच्या सदनिकांच्या विटा ती थापतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आणखी एक अडचण आहे. पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेला अधिकार गावापुरता आहे. जव्हार शहरात १९१८ पासून नगरपालिका असल्याने तिथे ग्रामसभाच नाही. राजवाड्याविषयीचा कोणताही करार लोकांपुढे यायचा तर तो नगरपरिषदेच्या सभागृहातच मांडावा लागेल, मराठीत, आणि क्षेत्रफळाचे आकडे पहिल्या पानावर ठेवून.