व्हिसा नको, पण कोर्टाचा कागद हवा!

वैशाख पौर्णिमा जवळ आली की आमच्या वस्त्यांतून धम्मसहलीच्या बसगाड्या निघतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि शेवटी सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी. सहलीच्या पत्रकावर एक ओळ हटकून छापलेली असते : 'नेपाळसाठी व्हिसा-पासपोर्टची गरज नाही, मतदार ओळखपत्र सोबत आणावे.' ओळ खोटी नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून ही ये-जा मोकळीच आहे. बाबासाहेब १९५६ च्या नोव्हेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले आणि लुंबिनीलाही जाऊन आले, तेव्हापासून ती वाट आम्हाला परक्या देशाची वाटतच नाही.

परंतु गेल्या आठवड्यात आमच्याकडे एक कार्यकर्ता आला. त्याचा प्रश्न साधा होता, "दादा, माझ्यावर बंदची केस आहे. मी लुंबिनीला जाऊ शकतो का?" सहल काढणाऱ्यांनी त्याला उत्तर देऊन टाकले होते, "अरे, व्हिसाच लागत नाही, तर विचारतो कोण?"

या 'विचारतो कोण'साठीच आजचा हा लेखनप्रपंच.

भीमा-कोरेगावच्या हल्ल्यानंतर ३ जानेवारी २०१८ रोजी महाराष्ट्र बंद झाला. त्या दिवशी आणि नंतरच्या धरपकडीत आमची शेकडो पोरे उचलली गेली. हा त्यांतलाच एक. कलमे नेहमीचीच. बेकायदा जमाव, दंगल आणि सरकारी कामात अडथळा. (हे ३५३ कलम आमच्या वस्तीत जितके पाठ आहे तितके ते वकिलीच्या वर्गातही नसेल!) सहा दिवस आत राहून तो जामिनावर सुटला. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्र्यांनी सांगितले की, भीमा-कोरेगाव प्रकरणातील ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतले. याने पेढे वाटले आणि तारखांना जाणे बंद केले. आपला गुन्हा त्या ३४८ मध्ये आहे की उरलेल्या ३०१ मध्ये, हे त्याला कोणी सांगितले नाही. त्यानेही विचारले नाही.

आम्ही ओळखीच्या वकिलामार्फत कोर्टात चौकशी केली. खटला जिवंत! आरोपपत्र दाखल, आरोपी गैरहजर, वॉरंट निघालेले. आणि जामिनाच्या आदेशात एक अट : न्यायालयाच्या परवानगीशिवाय देश सोडू नये.

आता नेपाळ हा 'देश सोडणे' होतो की नाही? होतो. व्हिसा लागत नाही म्हणून नेपाळ भारताचा तालुका होत नाही. सोनौलीच्या कमानीखालून जाताना बहुधा कोणी पासपोर्टवर शिक्का मारणार नाही, हे खरे. पण परत आल्यावर सहलीचे फोटो फेसबुकवर टाकायचे, ते विरोधकाने सरकारी वकिलाला दाखवायचे आणि जामीन रद्द करण्याचा अर्ज पडायचा! ज्याने चळवळीसाठी सहा दिवस काढले त्याने एका सहलीसाठी पुन्हा आत जावे काय?

व्हिसा म्हणजे त्या देशाने आत घेण्याची परवानगी. आपल्या देशातून बाहेर पडण्याचा हिशेब निराळा असतो, आणि आमचे लोक येथेच फसतात. हातात व्हिसा असूनही माणूस अडवला जातो. ११ जानेवारी २०१५ रोजी पर्यावरण कार्यकर्त्या प्रिया पिल्लई यांना ब्रिटनचा वैध व्हिसा असताना दिल्ली विमानतळावरून परत पाठवले गेले. लुकआऊट परिपत्रक निघाले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने दोन महिन्यांनी ते रद्द ठरवले, पण विमान तर गेलेच. परदेशी जाण्याचा हक्क हा कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी खटल्यात १९७८ सालीच सांगितले आहे. बाबासाहेबांच्या संविधानातला हा हक्क विमानतळाच्या खिडकीवर मात्र आम्हाला कागदांनिशी सिद्ध करावा लागतो.

मग कागद कोणते? पासपोर्ट कायदा १९६७ चे कलम ६(२)(फ) म्हणते की, फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. नुसता एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे, असे अनेक उच्च न्यायालयांनी सांगितले आहे. आरोपपत्र जाऊन न्यायालयाने दखल घेतली असली तरी दार बंद होत नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालयाची परवानगी आणल्यास पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत नसेल तर तो एका वर्षाचा असतो. पण खटला लपवून अर्ज भरला तर तो नवा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. 'लिहू नका, कोण बघतंय' असा सल्ला देणारे एजंट पुढे कोर्टात तुमच्या शेजारी उभे राहत नाहीत.

ही गोष्ट केवळ तरुणांची नाही. नामांतराच्या लढ्यात तुरुंग भोगलेले आमचे कितीतरी आजोबा-आजी आज मुलानातवंडांना भेटायला अमेरिकेला जाऊ इच्छितात. तिथल्या व्हिसाच्या अर्जात प्रश्न आहे : तुम्हाला कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे काय, जरी माफी मिळाली असली तरी? शिक्षा झाली काय एवढेच विचारून ते थांबत नाहीत, अटकही विचारतात. इंग्लंडचे नागरिक झालेल्या आमच्या बांधवांना अमेरिकेला व्हिसाविना जाता येते, पण त्यांच्या ऑनलाईन परवानगीच्या अर्जातही मालमत्तेचे किंवा माणसाचे गंभीर नुकसान झालेल्या गुन्ह्यातील अटकेचा प्रश्न आहेच. पोलिसाने गाडीत कोंबले म्हणजे माणूस गुन्हेगार ठरत नाही, हे जगातल्या प्रत्येक कायद्याच्या पुस्तकात आहे. अर्जात मात्र पोलिसाची गाडीच मोजली जाते. सामूहिक धरपकड ज्या समाजाच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येते त्याच समाजाची पाने या रकान्यात भरतात, हा योगायोग आहे काय?

तरीही आमचे सांगणे स्पष्ट आहे : 'होय' लिहा. खोटे 'नाही' पकडले गेले तर अमेरिकेचे दार आयुष्यभरासाठी बंद होऊ शकते. 'होय' लिहून सोबत निर्दोष सुटल्याच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडा. त्या लढ्यातील अटकेची आम्हाला लाज नाही, मग लपवायचे कशाला? अडचण वेगळीच आहे. जुन्या खटल्यांचे कागद काही वर्षांनी नष्ट केले जातात. म्हणून ज्यांना मिळत असतील त्यांनी प्रती आजच काढून ठेवाव्यात.

आणि सरकारला आमचा थेट सवाल आहे. गुन्हे मागे घेतल्याची घोषणा विधिमंडळात होते, पण खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकिलाने न्यायालयात द्यावा लागतो आणि न्यायालयाने त्याला संमती द्यावी लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१ होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे ३६० आहे. असा अर्ज किती न्यायालयांत गेला? किती आरोपींच्या हातात संमतीचा आदेश पडला? गुन्हा क्रमांकासह यादी प्रत्येक पोलीस ठाण्याच्या फलकावर लावायला काय अडचण आहे? खटला संपूनही पासपोर्टच्या चौकशीत ठाण्यातला हवालदार जुनी वही उघडून 'गुन्हा दाखल' असा शेरा मारतो, तो कोण पुसणार? आमच्या संघटनांनीही सत्कार-समारंभातून वेळ काढून प्रत्येक वस्तीत या केसेसची वही करावी. दोन वकील आणि चार रविवार पुरे होतील.

त्या कार्यकर्त्याला आम्ही वकिलाकडे नेले. आधी हजर होऊन वॉरंट रद्द करून घ्यायचे, मग लुंबिनीच्या आठ दिवसांसाठी परवानगीचा अर्ज, असे ठरले. कोर्टाची तारीख मंगळवारची मिळाली आहे. बस शुक्रवारी रात्री निघते. त्याने आसन क्रमांक २३ चे पैसे अजून परत घेतलेले नाहीत.