किनारा सगळ्यांचा, वाट कोणाची?

गेल्या डिसेंबरात आईला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. बाबा गेल्यापासून ती अर्धं वर्ष मालवणकडच्या आमच्या गावी आणि अर्धं वर्ष आमच्याकडे शारजाला असते. वाढदिवसाला आजीला मालदीवला न्यायचंच, असा मुलीने हट्ट धरला. दुबईहून चारेक तासांचं विमान, म्हणजे मुंबईपेक्षा फार लांब नाही. आईचं म्हणणं वेगळं होतं. "दर्या बघूक माका इतक्या लांब कित्याक नेतस?" जन्म किनाऱ्यावर गेलेल्या बाईचा प्रश्न अगदी रास्त होता. पण आम्ही ऐकलं नाही, चार रात्रींचं बुकिंग केलं.

मालेच्या विमानतळावरून पुढचा प्रवास सीप्लेनने. ही छोटी विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे उशिरा पोचणाऱ्याला रात्र मालेतच काढावी लागते. आमचा वैमानिक अनवाणी होता. आईने ते पाहिलं आणि विमान सुटेपर्यंत रामरक्षा म्हटली. खाली मात्र जे दिसतं ते खरंच डोळ्यांचं पारणं फेडणारं. निळ्या पाण्यावर कोणीतरी पिवळसर पांढऱ्या रांगोळीची कडी ओढावीत तशी प्रवाळांची वलयं. अशा वलयाला इंग्रजीत जो शब्द आहे, तो या लोकांच्या धिवेही भाषेतूनच जगभर गेला.

रिसॉर्टवर उतरल्यावर पहिली सूचना मिळाली ती घड्याळ एक तास पुढे करण्याची. संध्याकाळचा उजेड पाहुण्यांना जास्त वेळ मिळावा म्हणून अनेक रिसॉर्ट आपलं वेगळं घड्याळ चालवतात. मालेची वेळ भारतापेक्षा अर्धा तास मागे, आमच्या बेटाची अर्धा तास पुढे, शारजाची आणखीच वेगळी. आईचा गावी फोन करायचा वेळ पार बिघडून गेला.

सुख किती होतं ते मी सांगायला नको. ज्यांना परवडतं त्यांनी एकदा जावं, मी नाकं मुरडणाऱ्यांतला नाही. दारातून थेट पाण्यात उतरायचं, गुडघाभर पाण्यात पायाशी छोटे शार्क फिरतायत, रात्री आकाश इतकं स्वच्छ की बारा वर्षांच्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा आकाशगंगा पाहिली. बिलावर दहा टक्के सेवा शुल्क, सतरा टक्के कर आणि शिवाय माणशी रोज १२ डॉलर हरित कर चढतो, तो मुकाट भरायचा.

आई पहिल्या दिवशी सकाळी बेटाला चक्कर मारून आली. वीस मिनिटांत सगळं बेट संपलं. आल्यावर तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, "माडार एकव नारळ नाय." आणि दुसरी, "रे, पण हयले गावकार खंय रवतत?"

नारळांचं उत्तर सोपं होतं. पाहुण्याच्या डोक्यात पडू नयेत म्हणून ते कोवळे असतानाच उतरवून टाकतात. जेवणघरात मात्र शहाळं होतं, १२ डॉलरला. आईने ते घेऊ दिलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला वाढायला येणाऱ्या मुलाने दिलं. हा मुलगा कुडाळचा निघाला. गोव्यात हॉटेलचं शिक्षण घेऊन दोन वर्षांपूर्वी इथे आलेला. आईने "खयचो रे तू?" विचारलं आणि पुढचे तीन दिवस आमच्या टेबलावर मालवणीशिवाय दुसरी भाषा नव्हती. त्याने सांगितलं, "आजी, इथे गावकरी नाहीतच. कधीच नव्हते."

मालदीवच्या पर्यटनाचं सगळं गणित यात आहे. देशात बाराशेच्या आसपास बेटं आहेत, वस्ती त्यातल्या दोनशेहूनही कमी बेटांवर. १९७२ मध्ये पहिलं रिसॉर्ट उघडलं, तेही एका निर्जन, माडांच्या बेटावर. त्याचं नाव कुरुंबा, म्हणजे चक्क शहाळं! तेव्हापासून धोरण असं की सरकारने निर्जन बेट भाड्याने द्यायचं आणि एका बेटावर एकच रिसॉर्ट. वीज, समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना, सांडपाणी, नोकरांची घरं, सगळं ज्याचं त्याने बघायचं. गावांच्या बेटांवर पाहुण्यांना ठेवायची मुभा तर २००९च्या सुमारास मिळाली. म्हणजे जवळजवळ चार दशकं पाहुणे एका बेटावर आणि देश दुसऱ्या बेटावर, असाच कारभार होता.

आणि जो एकांत आपण विकत घेतो तो तरी खरा कुठे असतो? आमच्या बेटावर शंभराच्या आत खोल्या आणि तीनशेच्या वर माणसं कामाला, हे त्या मुलानेच सांगितलं. बेटाच्या मधोमध दाट झाडीच्या कुंपणाआड त्यांच्या खोल्या. पहाटे वाळू झाडून सारखी करणारे बांगलादेशी गडी आम्ही उठायच्या आत त्या झाडीत गुडूप व्हायचे. "आम्ही दिसायचं नाही, हीच तर सर्व्हिस," तो हसत म्हणाला. आखातात वीस वर्षं काढलेल्या मला यात नवल वाटायला नको होतं. दुबईच्या चकचकीत इमारती बांधणाऱ्यांच्या बसगाड्या पहाटे सोनापूरहून निघतात, तेव्हा आपण झोपलेलेच असतो. आईने मात्र शेवटच्या दिवसापर्यंत त्या मुलाला "जेवलंस?" विचारल्याशिवाय स्वतः घास घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या वस्तीच्या बेटावर गेलो. रिसॉर्टचीच अर्ध्या दिवसाची सहल होती ती. तिथे मात्र आईची कळी खुलली. दोरीच्या जाळीचे बसके झोके दारादारात टांगलेले, त्यात म्हातारे गप्पा मारत बसलेले. एक बाई हिरांच्या केरसुणीने गल्ली झाडत होती, अगदी आमच्या वाडीतल्यासारखी. न्याहारीला मास हुनी म्हणजे खोबरं, कांदा, मिरची घालून कालवलेला मासा, आणि सोबत रोशी नावाची पोळी. आकडे मोजताना एक, तीन, नऊ तर सहज ओळखू येतात. आपल्या मराठीची ही दूरची चुलत बहीणच. आईने त्या बाईची केरसुणी हातात घेऊन बांधणी कशी आहे ते तपासलं आणि बांध जरा सैल असल्याचं खुणेने सांगितलं. दोघी खूप हसल्या. त्या बेटावरच्या आमच्या वाटाड्याने सांगितलं, की त्याचे आजोबा आमचं रिसॉर्ट आहे त्याच बेटावर नारळ आणि सरपण आणायला जायचे. आता तिथे जायचं तर कामाला लागावं लागतं.

त्याच संध्याकाळी चुलतभावाचा निरोप आला. "दादा, बागेसाठी पार्टी आली आहे. मोठी आहे. तुझी, आत्याची आणि ताईची सही लागेल. कुलमुखत्यारपत्र दुबईहून पाठवलंस तरी चालेल."

आमची बाग म्हणजे किनाऱ्याला लागून बत्तीस गुंठे माड. बाबा गेल्यावर वारस म्हणून आमची नावं सातबाऱ्यावर लागली. पार्टीला तिथे काय करायचं आहे? मराठीत पाठवलेल्या त्यांच्या माहितीपत्रात लिहिलं होतं, "मालदीवच्या धर्तीवर संपूर्ण एकांत देणारं रिसॉर्ट". मी ते वाचलं तेव्हा खऱ्याखुऱ्या मालदीवमध्ये पाय पाण्यात सोडून बसलो होतो.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. आपण परदेशात राहणारे सगळे हे वाक्य कधी ना कधी बोललेलो आहोत: कोकणाला एवढा सुंदर किनारा, मग तिथे असं काही का होत नाही? सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून दर सुट्टीत हेच बोलत आलो. २०२४च्या जानेवारीत मालदीव नको, लक्षद्वीपला चला, अशी हाकाटी झाली तेव्हाही मी उत्साहाने चार संदेश पुढे ढकलले होते. लक्षद्वीपचं एकूण क्षेत्र जेमतेम ३२ चौरस किलोमीटर आणि त्यावर २०११च्या जनगणनेत चौसष्ट हजार माणसं, हे तेव्हा पाहिलंच नाही.

रात्री आईला माहितीपत्र दाखवलं. तिने चित्रं पाहिली आणि एवढंच विचारलं, "आणि वाट?"

आमच्या बागेतून एक वाट जाते. वाडीतून समुद्रावर जायची तीच जवळची वाट. रापणीची जाळी त्याच वाटेने जातात, मासळीच्या पाट्या घेऊन बायका त्याच वाटेने येतात. रापण ओढायला जो कोणी हात लावेल त्याला मासळीचा वाटा मिळतो. लहानपणी मीही दोर धरून वाटा मिळवला आहे. गणपती विसर्जनाला त्याच वाटेने जातात. कागदावर तिची नोंद कुठेही नाही. बाबांनी कधी अडवली नाही, आजोबांनी अडवली नाही, म्हणून ती आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. किनारा कोणी विकत घेऊ शकत नाही, भरती-ओहोटीची वाळू सगळ्यांची, हे आपण ठासून सांगतो. पण त्या वाळूपर्यंत पोचणारी वाट कोणाच्या तरी बागेतून जाते, आणि ती बाग विकता येते. मालदीवमध्ये एकांत समुद्राने दिलेला आहे, चारी बाजूंनी पाणी. आमच्याकडे तो कुंपण घालूनच तयार करावा लागेल, आणि कुंपणाच्या बाहेर कोण राहील ते मला नावानिशी माहीत आहे. शिवाय कुंपणाची पहिली मेख सरकार मारत नाही की कंपनी. ती शारजात, न्यू जर्सीत, लंडनमध्ये बसलेल्या माझ्यासारख्या सहहिस्सेदाराची सही मारते, कारण गावी राहणाऱ्या भावाला शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागतं, आपल्याला लागत नाही.

चुलतभावाची बाजूही लिहिलीच पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे दिरहम कमावणाऱ्याची पोपटपंची होईल. नारळ पाडायला पाडेली मिळत नाही. वानरं कोवळी शहाळी फोडून टाकतात. त्याच्या मुलीला पुण्यात शिकायला ठेवायची आहे. बाग मी सांभाळत नाही, तो सांभाळतो. मी मे महिन्यात आठ दिवस जातो, आंबे खातो आणि फोटो काढतो. त्याने विकू नये असं म्हणायचा मला काय अधिकार?

म्हणून मी नाही म्हटलं नाही. आत्याशी आणि ताईशी बोलून त्याला कळवलं, की विक्रीला आमची हरकत नाही, पण आठ फुटांची वाट खरेदीखतात लिहून सोडायची आणि आधी सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात तिची नोंद करून घ्यायची. आणि सरसकट कुलमुखत्यारपत्र देणार नाही. दिलंच तर या एका व्यवहारापुरतं, अट त्यातच लिहून. (ज्यांची नावं अशी सामायिक सातबाऱ्यावर आहेत त्यांनी निदान एवढं करावं. कोऱ्या मनाने केलेली सही पुढे फार महाग पडते.) दुसरा पर्यायही सुचवला. विकायचं नसेल तर मागच्या पडवीला लागून चार खोल्या काढू, निवास-न्याहारीच्या सरकारी योजनेत नाव घालू, पैसे मी घालतो, चालवायचं त्याने. एकांत मिळणार नाही, पहाटे कोंबडा आरवेल आणि मासळीचा वासही येईल, पण येणारा पाहुणा त्याच वाटेने समुद्रावर जाईल.

उत्तर दोन दिवसांनी आलं. "पार्टी म्हणते, वाट सोडायची असेल तर भाव निम्मा."

मी ते वाक्य बराच वेळ बघत बसलो. माड तेवढेच, वाळू तेवढीच, समुद्र तोच. आठ फुटांच्या वाटेची किंमत बाकी सगळ्या बागेइतकी. म्हणजे पार्टीला बाग नकोच होती. त्यांना हवं होतं ते तिथे कोणी नसणं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तेंका मालदीवाक जाऊ दे." एवढं बोलून ती निवडायला घेतलेल्या मेथीकडे वळली. चुलतभाऊ अजून रागावलेला आहे, आणि त्याचा राग मला समजतो. पण परवा त्याचा निरोप आला, "खोल्यांचं नंतर बघू. मेमध्ये येशील तेव्हा आधी पाडेली शोधून आण, नारळ सुकून चाललेत."

तिकिटं काढली आहेत. सही अजून केलेली नाही.