गुण्यात नसलेल्या भिंती

नव्या बाथटबाचे कौतुक घरात साधारण दोन दिवस टिकते. तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात येते, की टबाची कड आणि भिंत यांच्यामध्ये फट आहे. नळाच्या बाजूला पेन्सिल जाईल एवढी आणि दुसऱ्या टोकाला अंगठा जाईल एवढी. गवंडी येतो, फटीकडे पाहतो आणि निर्वाळा देतो : 'टबच वाकडा आलाय.'

टब वाकडा नसतो. तो साच्यातून निघालेला असतो आणि त्याची कड सरळ असते. वाकडी असते ती भिंत. खात्री करायची असेल तर कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६० सेंटिमीटर आणि दुसरीवर ८० सेंटिमीटरवर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर बरोबर १०० आले तर कोपरा काटकोनात. आमच्या न्हाणीघरात ते १०२ च्या पुढे गेले. गवंडीकामात 'भिंत गुण्यात नाही' असा नेमका शब्दप्रयोग आहे आणि गुण्या नावाचे हत्यारही प्रत्येक गवंड्याच्या पिशवीत असते. ते बाहेर निघते किती वेळा, हा प्रश्न वेगळा.

आपल्या जुन्या न्हाणीघराला ही अडचण कधी आलीच नाही. घंगाळ भिंतीपासून दूर, मोकळे उभे असे; फरशीला उतार असे आणि सांडलेले पाणी मोरीतून निघून जाई. भांडे आणि भिंत यांनी एकजीव व्हावे अशी अपेक्षाच नव्हती. टब मात्र तीन बाजूंनी भिंतींना जाऊन भिडतो आणि आपण तो सांधा दिसूच नये म्हणून धडपडतो. माझा आक्षेप या धडपडीला आहे.

आपल्याकडचा सर्वमान्य उपाय म्हणजे पांढरे सिमेंट. स्वस्त, हाताशी असलेले, आणि भरल्याच्या दिवशी दिसायला फार सुरेख. आम्हीही तेच केले. चार महिन्यांत कडेने केसासारखी रेघ उमटली. ती कोणाला दिसलीही नाही. दिसले ते खालच्या मजल्यावरच्या आजींना, त्यांच्या छतावर. आपल्या बहुतेक इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब खोलगट असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. झिरपलेले पाणी आधी त्या कोब्यात मुरते; म्हणून गुन्हा आणि पुरावा यांच्यात कित्येक महिन्यांचे अंतर पडते, आणि 'आमच्याकडे तर काहीच गळत नाही' हे वाक्य आपण पूर्ण प्रामाणिकपणे उच्चारतो. मीही उच्चारले. नंतर आजींच्या छताचा गिलावा फुगला आणि आतली गंजलेली सळई दिसली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो आणि ती मिळवण्यासाठी काँक्रीट फोडतो. ती सळई पाहिल्यावर माझा आवाज खाली आला.

सिमेंट टिकत का नाही, याचे उत्तर आपण सर्वांनी शाळेत लिहिलेले आहे. रेल्वेच्या रुळांमध्ये फट का ठेवतात? दोन गुणांचा प्रश्न. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने काँक्रीटच्या साधारण सातपट प्रसरण पावते. १७० सेंटिमीटर लांबीचा टब २० अंशांनी तापला तर दोन मिलिमीटरहून अधिक वाढतो. शिवाय त्यात दीड-दोनशे लिटर पाणी आणि एक माणूस उतरला, की कड किंचित खाली बसते. माणूस बाहेर आला की वर येते. रोज हलणाऱ्या वस्तूला कधीही न हलणाऱ्या वस्तूशी एका ताठ पदार्थाने जखडायचे, आणि तो तडकला की गवंड्याला बोल लावायचा, हा सरळ अन्याय आहे.

तिथे ताणले जाईल असेच काहीतरी हवे, म्हणजे सिलिकॉन. तेही न्हाणीघरासाठीचे, बुरशीरोधक. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार सिमेंटला नीट धरत नाही आणि संगमरवरावर डाग पाडतो, म्हणून 'न्यूट्रल' मागून घ्यावा. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढावे, कारण त्यावर नवे चिकटत नाही. फट रुंद असेल तर आधी फोमची गोल दोरी दाबून बसवावी. तिच्यामुळे सिलिकॉन फक्त टब आणि भिंत या दोन बाजूंनाच चिकटते, तळाशी नाही, आणि म्हणून मोकळेपणाने ताणले जाते. फट अंगठ्याएवढी असेल तिथे मात्र सिलिकॉनवर भिस्त ठेवू नये. तिथे भिंतच पुढे आणावी, म्हणजे गिलाव्याचा किंवा टाइलचा आणखी एक थर देऊन टाइल टबाच्या कडेवर उतरवावी. ते जमणार नसेल तर टबाकडे उतार असलेला छोटा कट्टा करावा. खर्च वाढतो, हे खरे. खालच्या छताचा खर्च त्याहून अधिक येतो, आणि घरातल्या न्हाणीघराची गळती ज्याची त्याने दुरुस्त करायची, असेच महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी सांगतात.

एक गोष्ट मात्र मला कोणत्याही कारागिराने आपण होऊन सांगितली नाही : सिलिकॉन भरताना टब पाण्याने भरलेला असावा. तेव्हा कड सर्वांत खाली असते आणि फट सर्वांत मोठी. रिकाम्या टबाच्या कडेला भरलेले सिलिकॉन पहिल्याच अंघोळीला ओढले जाते. भरलेल्या टबाचे, तो रिकामा झाल्यावर, फक्त दबते.

दुसऱ्यांदा काम काढले तेव्हा आम्ही टब काठापर्यंत भरला आणि पूर्ण एक दिवस तसाच ठेवला. पाण्याच्या नासाडीवरून घरात बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ते सगळे पाणी बादल्यांनी काढून कुंड्यांना घातले आणि उरलेल्यात तळमजल्यापर्यंतचा जिना धुतला. आजी दारात उभ्या राहून पाहत होत्या. 'आता वर काही नवीन बसवणार असाल तर आधी सांगा हो,' एवढेच म्हणाल्या.